प्रपंचातील एक पाठ : चूल, वाडी आणि लेकरे

ह्या मासिकातून आजवर आपली भेट होत आली ती बहुधा निरूपणाच्या निमित्ताने. ह्या खेपेचा विषय निराळा आहे. वरण शिजविणे, कणीक भिजविणे, वाफे करणे, हे सर्व साठीच्या उंबरठ्यावर शिकावे लागणे, आणि तेही आईबाप गेलेल्या दोन लेकरांसाठी. हा विषय ह्या पानांत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या काही वर्षांत कीर्तन संपल्यावर बाजूस घेऊन विचारणारे आजोबा-आजी मला बरेच भेटले. त्यांच्याकडेही अशीच नातवंडे आली आहेत. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे म्हणून हा प्रपंच.

२०२१ सालच्या वैशाखात, त्या रोगाच्या दुसऱ्या लाटेत, आमची लेक व जावई आठ दिवसांच्या अंतराने गेले. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू पाच वर्षांचा. दोघे आमच्या एकोडीस आली. घरात बाईमाणूस नाही. आमची मंडळी त्याआधीच वैकुंठवासी झालेली. तेरवीपर्यंत शेजारपाजारच्या घरांतून डबे आले. नंतर धानाच्या पेरणीचे दिवस आले, ज्याची त्याची घाई सुरू झाली, आणि डबे थांबले. त्यात कोणाचा दोष नाही.

माझी स्थिती काय होती ती सांगितल्याखेरीज पुढचे समजणार नाही. अकराव्या वर्षी मी पाठशाळेत गेलो. माधुकरी मागून जेवलो. कौमुदी घोकली, पण चूल पेटविली नाही. पुढे घरी मंडळींनी वाढले, गावोगावी यजमानांनी वाढले, वारीत दिंडीच्या स्वयंपाक्यांनी वाढले. नलोपाख्यान मी विद्यार्थ्यांना शिकविले आहे. दमयंतीने बाहुकाच्या रूपातल्या नलास त्याच्या हातच्या चवीवरून ओळखले, हा भाग रंगवून सांगत असे. भाताला पाणी किती, हे मात्र ठाऊक नव्हते.

पहिल्याच दिवशी तुरीचे वरण लावले. मला आंबट आवडते, म्हणून डाळीबरोबरच चिंचेचा कोळ आणि मीठ घातले. दीड तास झाला तरी डाळ दाताखाली खडखड वाजते! पोरे ताटावर बसून पेंगली. शेजारच्या काकू आल्या, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "महाराज, चिंच आधी नाही टाकत जी. आंबट पडलं का डाळ शिजतच नाही." हा पहिला पाठ. डाळ नुसत्या पाण्यात, चिमूटभर हळद व थेंबभर तेल घालून, पुरती मऊ होऊ द्यावी. आंबट आणि मीठ नंतर. डाळ तासभर आधी भिजत घातली तर वेळही वाचतो आणि गॅसही.

दुसरा पाठ भाताचा. आम्ही भंडाऱ्याचे लोक धानाच्या राशीत जन्मलो, तरी जुना तांदूळ आणि नवा तांदूळ वेगळे पाणी मागतात हे मला माहीत नव्हते. आमच्याकडे बारीक तांदूळ म्हणून एचएमटी घरोघर शिजतो. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या निराळ्या लोंब्या निवडून तयार केले, आणि त्या वेळी नाव असलेल्या घड्याळावरून त्यास नाव पडले. २०१८ साली ते वारले. त्यांचे नाव घेऊन भात लावावा, असे मला वाटते. असो. वर्षभर मुरलेला तांदूळ एक वाटी असेल तर पातेल्यात पाणी दोन वाट्या, क्वचित थोडे अधिक. मार्गशीर्षात नवा तांदूळ आला की दीड वाटी पुरे, नाहीतर खळ होते. धाकट्याचे पोट बिघडले की भात जास्त पाण्यात शिजवून वरची पेज काढावी आणि मीठ घालून कोमट पाजावी.

कपाटात मंडळींची 'रुचिरा' सापडली. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० सालचे. त्यात मापे वाटी-चमच्यांत दिलेली आहेत, त्यामुळे माझ्यासारख्या अनाड्यासही ते वाचता येते. पानापानांवर हळदीचे डाग होते. जिथे डाग जास्त, तो पदार्थ घरात पूर्वी वारंवार होत असे हे उघड होते. मी तीच पाने आधी घेतली. सूत्रग्रंथाचा अर्थ कळेनासा झाला म्हणजे आपण टीकेकडे जातो. इथे डाग हीच टीका.

आता एक अडचण अशी, की जी केवळ आपल्या माळकऱ्यांच्या घरातच येते. देवाला नैवेद्य दाखविल्याशिवाय अन्न चाखावयाचे नाही. ज्या बायकांचा हात बसलेला असतो त्यांना चाखावे लागतच नाही. पण ज्याला मीठ किती हे कळत नाही, त्याने शिकावे कसे? मी न चाखताच वाढीत असे. एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. शेवटी थोरलीनेच तोड काढली. म्हणाली, "आबाजी, मीठ टाकायच्या आधी देवाची वाटी काढून ठेवा ना. दाखवून घ्या, मग आपलं चाखा." तसे करू लागलो. पहिले दोन महिने आमच्या विठोबाने अळणीच खाल्ले. नामदेवराय लहान असताना घरचा नैवेद्य घेऊन गेले आणि देव जेवला, ती कथा आपण सगळेच सांगतो. त्या ताटात मीठ बरोबर होते की नाही हे कोणी विचारीत नाही.

परंतु खरी अडचण मिठाची नव्हती. धाकटा जेवत नसे. वरण चांगले शिजले, भात मोकळा झाला, तरी दोन घास घेऊन ताट सरकवी आणि म्हणे, "हे आईचं नाही." मी समजूत घालीत असे, गोष्टी सांगे, एकदा रागावलोही. रागावलो ते चुकलो. मग एका रात्री दमयंतीची आठवण झाली. हे पोर तरी दुसरे काय करीत होते? ते हाताची चव शोधीत होते. मी थोरलीस विचारले, आई वरण कसे करीत असे? ती म्हणाली, लसणाची फोडणी, दोन लाल मिरच्या, आणि उतरवताना वरून सांभार. लसूण! मी चाळीस वर्षे लसूण-कांदा वर्ज्य केलेला. तीन दिवस विचारात गेले. चौथ्या दिवशी निराळी कढली आणली, माझे व देवाचे वरण काढून ठेवले, आणि उरलेल्यास लसणाची फोडणी दिली. धाकट्याने वास घेतला, काही बोलला नाही, पण ताट पुसून खाल्ले. म्हणून ज्यांच्या घरी अशी लेकरे आली असतील त्यांना माझे सांगणे असे: आपल्याला जे उत्तम येते किंवा जे पथ्याचे वाटते ते आरंभी करू नका. ते मूल ज्या घरातून आले त्या घरची एक चव विचारून घ्या आणि ती साधा. लेकरांना विचारायला संकोच करू नका. मला भीती वाटे की आईचे नाव काढले तर मुले रडतील. नात रडली नाही. तासभर बोलत राहिली.

ह्यातून मात्र दुसरा एक धोका उत्पन्न झाला, आणि तो माझ्या लक्षात उशिरा आला. नातीला आईचे सर्व काम पाहून पाहून ठाऊक होते. ती शिकवू लागली, मी शिकू लागलो. मग ती कणीक मळू लागली. मला तिंबणे जमेना म्हणून मीही करू दिले. मग सकाळी माझ्याआधी उठून ओटा पुसू लागली. शेजारी कौतुक करीत, "पोरगी किती शहाणी!" मलाही बरे वाटत होते. श्रावणात एका कीर्तनात मांड्यांची कथा लावली. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई परळ आणावयास कुंभारवाड्यात गेली, विसोबांनी कुंभारांस बंदी केली, आणि मग माउलींनी आपल्या पाठीवर मांडे भाजू दिले. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. पाठ तापली त्या चमत्कारावर श्रोते डोलतात, आपणही तेथेच स्वर चढवितो. त्या दिवशी मात्र मी मध्येच अडखळलो. चार भावंडांना आईबाप सोडून गेलेले. मुक्ताई सर्वांत धाकटी. परंपरेने निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा आणि तिचा १२०१ चा मानतात. आणि मांडे करावयाचे कोणी? त्या सर्वांत लहान मुलीने. भांडे मागायला दारोदार कोणी हिंडावयाचे? तिनेच. आम्ही तिला आदिमाया म्हणतो, ते खरेच आहे. पण ती पोर होती हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. कीर्तन कसेबसे आटोपले. घरी आलो तो नात ओट्याशी पाटावर उभी राहून पोळ्या लाटीत होती.

त्या रात्रीपासून नियम केला. नातीने सांगावे, हसावे, माझ्या पोळीला कोणत्या देशाचा नकाशा झाला ते म्हणावे. लाटणे मी धरीन. ती रुसली. तिला वाटले, तिचे काही चुकले. काम काढून घेताना असे होते, हे ध्यानात असू द्यावे. बरेच दिवस समजवावे लागले. पोळीसाठी कणीक सैलसर भिजवून अर्धा तास झाकून मुरू दिली म्हणजे म्हाताऱ्या हातांनाही ती वळते, हे मला पुढे उमगले. ते आधी कळते तर तिच्यावर भार गेलाच नसता.

एकादशीचे थोडे सांगतो, कारण त्यावरून मला एका जाणत्या माणसाने भर मंडळीत टोकले. माझ्या घरी एकादशीस मुलांसाठी भात शिजला. वास बाहेर गेला असेल. "महाराज, तुमच्याकडे एकादशीला भात?" होय, शिजला. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांच्या पुढे व ऐंशीच्या आत असा सांगितला आहे. धाकटा पाच वर्षांचा, तो मोकळाच. थोरली नऊची, ती नियमात येते असे कोणी म्हणेल. पण अशक्तास आणि आर्तास सवलत आहे, आणि आईबाप जाऊन तीन महिने झालेल्या पोरीपेक्षा आर्त कोण? मी स्वतः निरंकार राहिलो. दिवसभर पोटात काही नसताना दुसऱ्यांचे वरण ढवळणे हे तप आहे, हे त्यातून कळले ते निराळेच.

आता वाडीकडे वळतो. घरामागे पाच-सहा खाटांची जागा. आमच्या झाडीत तिला सांदवाडी म्हणतात. मंडळी गेल्यावर तिथे तरोटा माजला होता. ती हाती घेण्याचे कारण भाजीचा खर्च नव्हे. त्या वर्षी खालच्या वर्गांच्या शाळा डिसेंबरपर्यंत उघडल्याच नाहीत. दिवसभर दोन मुले व एक म्हातारा समोरासमोर बसून काय करणार? सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजलाविषयी मी वाचलेले होते; त्यात मांस-मासे कुजवून खत करावयास सांगितले आहे, तेव्हा माळकऱ्यास ते चालणारच नाही. शेणखत बरे.

आषाढात उत्साहाने मेथी आणि सांभार पेरला. आठ दिवसांनी उगवला तो पावसाने झोडपून कुजला. पुन्हा पेरला, पुन्हा कुजला. धाकटा रोज जाऊन पाही आणि "मेलं," म्हणून सांगे. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकवत नसे. रोवणीस जाणारी एक मावशी कुंपणापलीकडून बोलली, "पावसात कायची मेथी लावता जी महाराज? पाणी सरू द्या. आता वेल लावा, वेल." तिने सांगितले तसे केले. आमच्याकडे जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशी नावे आहेत. माझी वाडी सिहारीची, भुसभुशीत पण अंगात कस कमी. वीतभर उंच वाफे केले म्हणजे पाणी मुळाशी थांबत नाही. शेणखत भरपूर मिसळले. पावसाळ्यात दोडका, कारले, बरबटी, भेंडी, अंबाडी आणि ओलीच्या जागी कोचई. भेदरे, वांगी, मिरची ह्यांची रोपे निराळ्या वाफ्यात करून महिना-सव्वा महिन्याने लावावी, जसे धानाचे परे आधी आणि रोवणी नंतर. मेथी, पालक, सांभार दसरा-दिवाळीच्या सुमारास. सांभाराचे एक फळ म्हणजे दोन बिया असतात; चपलेने हलके रगडून दोन फाका केल्या म्हणजे उगवण चांगली होते. हे काम धाकट्याचे. चपलेने धणे रगडणे ह्या इतके त्याला दुसरे काही आवडले नाही.

कोहळ्याच्या वेलाला फुले खूप, फळ धरेना. मावशीने दाखविले की नराचे फूल साध्या देठाचे, मादीच्या फुलामागे गुंडीएवढे कोहळे असते. सकाळी फुले उमलली असतानाच नराचे फूल तोडून त्याचा पराग मादीच्या फुलात टेकवावयाचा. हे काम थोरलीने घेतले. प्रत्येक फुलाला दोरा बांधून तारीख लिही. वेलांवर तांबडे भुंगे पडले तर दव असताना राख उडवावी. आंघोळीच्या पाण्याची चूल मागे आहे, राखेला तोटा नाही. कारल्याला माशी डंख करते, म्हणून कोवळ्या फळावर कागदाची पिशवी चढवावी. एवढे करूनही नागझिऱ्याच्या बाजूने माकडांची टोळी आली आणि एका सकाळी सोळा दोडके व सारी पपई घेऊन गेली. मुले रडण्याऐवजी हसली. त्यांना त्या घरात खदखदून हसताना मी प्रथम ऐकले ते त्या दिवशी.

जेवणाच्या ओघात एक सावधगिरी सांगून ठेवतो. आमच्याकडे धान निघण्याआधीच बांधीच्या ओलीत लाखोरी फेकतात. डाळ स्वस्त आणि चवीची. पण तीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात, हे दुष्काळांतून दिसून आलेले आहे. भिजवून, उकळून ते पाणी टाकून द्यावे. आणि मुलांना रोज तीच घालू नये, तुरीबरोबर आलटून पालटून द्यावी.

कागदपत्रांचेही एक वाक्य. दोन्ही पालक त्या रोगात गेलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारावे. मी लाजेने सहा महिने गेलो नाही. त्यात लाज कसली होती, हे आता मलाच सांगता येत नाही.

नाथमहाराजांचे आईबाप ते तान्हे असतानाच गेले आणि पैठणास आजोबा चक्रपाणी व आजीने त्यांना वाढविले, हे आपणांस माहीत आहे. चक्रपाणींविषयी चरित्रकार दोन ओळींत पुढे जातात. मला त्या दोन ओळींत आता पुष्कळ दिसते. मूल रात्री उठे तेव्हा कोण उठत होते, दूध कोणी तापविले. आणि ज्यांनी हे केले, त्यांना न सांगता तो मुलगा बाराव्या वर्षाच्या सुमारास देवगिरीस जनार्दनस्वामींकडे निघून गेला. सकाळी अंथरूण रिकामे पाहून त्या म्हाताऱ्यास काय वाटले असेल? आम्ही तो प्रसंग गुरुभक्तीचा म्हणून सांगतो. आता सांगताना चक्रपाणींसाठी क्षणभर थांबतो.

शेवटी वारीचे. २०२० व २०२१ ह्या दोन्ही वर्षी पालख्या एसटीने गेल्या, पायी वारी कोणाचीच झाली नाही. २०२२ साली वाट मोकळी झाली. आमचे विणेकरी निरोप घेऊन आले, "महाराज, दोन वर्षांनी माउली निघताहेत." माझी पडशी खुंटीला होती. मुलांना कोणाकडे तरी तीन आठवडे ठेवता आले असते. दोन घरांनी होकारही दिला होता. धाकटा तो निरोप ऐकत दाराआड उभा होता. रात्री विचारू लागला, "तुम्हीपण परत येणार ना?" त्या 'पण'चे उत्तर मला देता येईना. मी गेलो नाही.

गेलो नाही ह्याचे दुःख झाले, ते लपवीत नाही. अरणच्या सावता महाराजांची पालखी पंढरीस जात नाही, उलट पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते, हे मी चाळीस वर्षे सांगत आलो. पण त्याचा आधार घेऊन स्वतःस सावतोबांच्या पंक्तीला बसविण्याचे धाडस मला झाले नाही. ते मळ्यात राबत होते; मी साधी मेथी दोनदा कुजविली होती. त्या आषाढी एकादशीस दोघांना घेऊन गावच्या मंदिरात गेलो, परत येऊन त्यांच्यासाठी भात लावला, वाडीतली पहिली बरबटी परतली. देवाची वाटी मीठ टाकण्याआधी काढली होती. धाकटा ताटावर बसता बसता म्हणाला, "आबाजी, आज देवाच्या वाटीत पण मीठ टाका. आता तुम्हाला येते ना." मी टाकले.

नात आता वरच्या वर्गात आहे. चूल अजून माझ्याकडेच आहे. यंदा कोहळ्याचे बी तिनेच राखेत घोळून डब्यात ठेवले आहे, चिठ्ठीवर तारीख घालून. कोणास हवे असल्यास एकोडीस यावे. मूठभर देता येईल.